दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनची पूर्वतयारी : कालमानाचा प्रश्न

'सराव किती लागतो?' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी अर्थदृष्ट्या अपूर्ण आहे. 'लागणे' हे क्रियापद आवश्यकतेच्या अर्थाने योजले असता त्याच्या ठायी दोन आकांक्षा असतात : कोणाला लागतो, आणि कशासाठी लागतो. बोलण्याच्या ओघात या आकांक्षा प्रसंगावरून पुरविल्या जातात, म्हणून त्या उच्चारल्या जात नाहीत. परंतु प्रसंगच जेथे संदिग्ध असतो, तेथे उत्तरही संदिग्ध येते. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता ओळीने पार पाडावयाच्या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात. तिच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकारासंबंधी हा प्रश्न अलीकडे महाराष्ट्राच्या शहरांतूनही वारंवार विचारला जातो, आणि विचारणारा पुष्कळदा चाळिशीला आलेला, नोकरी वा व्यवसाय सांभाळणारा, पूर्वी कोणताही खेळ नेटाने न खेळलेला असा असतो. त्याला उत्तर मिळते ते आठवड्याच्या तासांत : दहा, बारा किंवा पंधरा. हे उत्तर खोटे नव्हे. तथापि ते एकटेच घेऊन कामाला लागणाऱ्या मनुष्याची फसगत होण्याचा संभव मोठा असतो. व्यायामविषयक शरीरशास्त्राने गेल्या साठ वर्षांत जमविलेले ज्ञान पाहू गेल्यास असे दिसते, की या बाबतीत निर्णायक परिमाण आठवड्याचे तास हे नसून महिन्यांची संख्या हे आहे. आणि त्याचे कारण शरीराचे निरनिराळे घटक निरनिराळ्या गतीने बदलतात, हे होय.

प्रथम 'कशासाठी' या आकांक्षेचा विचार करू गेल्यास स्पर्धेचे स्वरूप पाहावे लागते. पूर्ण पल्ल्याच्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अंतर्भूत असते. या अंतरांच्या मागे शरीरशास्त्राचा कोणताही सिद्धांत नाही. हवाई बेटांपैकी ओआहू या बेटावर १९७७ साली धावपटू अधिक सक्षम की पोहणारे, असा वाद निघाला असता अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी त्या बेटावरील तीन प्रचलित स्पर्धा एकत्र जोडण्याची कल्पना पुढे मांडली. वायकीकीची समुद्रातील पोहण्याची शर्यत, बेटाभोवतीची सायकल शर्यत आणि होनोलुलूची मॅरेथॉन या त्या तीन होत. यांतील सायकलची शर्यत मूळची दोन दिवसांची होती. ती तीन मैलांनी आखडून एका दिवसाच्या तृतीयांशात बसविण्यात आली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झालेल्या पहिल्या स्पर्धेत पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. विजेता गॉर्डन हॅलर यास ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. म्हणजे ज्या मापाला पुढे 'आयर्नमॅन' या नावाने जगभर प्रतिष्ठा लाभली, ते माप एका बेटाच्या परिघावरून आलेले आहे. मानवी शरीराला किती झेपावे, याचा विचार करून ते ठरविलेले नाही, ही गोष्ट सरावाचे गणित मांडताना विसरता कामा नये. याच्या निम्म्या पल्ल्याचीही स्पर्धा असते : १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. याच मालिकेतील अर्ध्या पल्ल्याची भारतातील पहिली स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मीरामारच्या किनाऱ्यावर झाली, आणि तेव्हापासून हा विषय मराठी भाषकांच्या अगदी अंगणात येऊन ठेपला.

पूर्ण पल्ल्यासाठी सामान्यतः सतरा तासांची मुदत असते. त्यात पोहणे २ तास २० मिनिटांत आणि सायकल प्रारंभापासून साडेदहा तासांत संपवावी लागते. या मुदतींचा हिशेब मांडून पाहिला, तर एक अनपेक्षित गोष्ट ध्यानी येते. एखाद्याने पोहण्यास पावणेदोन तास घेतले, कपडे बदलण्यात पाव तास घालविला आणि १८० किलोमीटर सायकल ताशी साडेबावीस किलोमीटर या बेताच्या वेगाने आठ तासांत पुरी केली, तर दहा तास होतात. पुन्हा दहा मिनिटे बदलाबदलीला धरली, तरी मॅरेथॉनसाठी ६ तास ५० मिनिटे उरतात. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे पावणेदहा मिनिटे. ताशी सहा किलोमीटरांहून किंचित अधिक असा हा वेग होतो. याला धावणे म्हणण्यापेक्षा झपझप चालणे म्हणणेच अधिक युक्त. सारांश, स्पर्धा मुदतीत संपविण्यास लागणारा वेग यांपैकी कोणत्याही प्रकारात असामान्य नाही. कॉलेजच्या मैदानावर नियमाने फेऱ्या मारणाऱ्या कोणासही तो सुटा सुटा साधेल. दुर्घट आहे ते दहा तास श्रम झाल्यावर तो वेग टिकविणे.

ते दुर्घट का, याचे उत्तर इंधनाच्या हिशेबात सापडते. शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो : स्नायूंत सुमारे चारशे ते पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून जेमतेम दोन हजार किलोकॅलरी भरतात. पूर्ण पल्ल्याच्या स्पर्धेत खर्च होते ती ऊर्जा आठ ते दहा हजार किलोकॅलरींच्या घरात जाते. स्टॉकहोममध्ये बेर्गस्ट्रोम, हुल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात सुईने स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याच्या पद्धतीचा उपयोग करून दाखवून दिले, की जोराचे श्रम किती वेळ चालू ठेवता येतात, हे स्नायूतील ग्लायकोजेनच्या साठ्यावर अवलंबून असते. साठा सरला की पाय चालेनासे होतात. तेथे निश्चय, जिद्द इत्यादी सद्गुणांचे फारसे चालत नाही. तेव्हा खर्चाचा मोठा भाग चरबीतून भागविणे आणि वाटेत खाल्लेले पचविणे एवढे दोनच मार्ग उरतात, आणि दोन्ही शिकावे लागतात. चरबी जाळण्याचे काम पेशींतील मायटोकाँड्रिया नावाच्या कणिका प्राणवायूच्या साहाय्याने करतात. त्या कणिका अधिक असतील, तर त्याच वेगाने जाताना साखर कमी खर्च होते.

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पायाभूत मानला जातो. त्यांनी उंदीर चालत्या पट्ट्यावर धावविले, त्यांचे काम बारा आठवड्यांत क्रमाने वाढवीत दिवसाला दोन तासांपर्यंत नेले, आणि नंतर त्यांच्या पायांचे स्नायू तपासले. मायटोकाँड्रियांतील प्राणवायू वापरणाऱ्या विकरांची क्रियाशीलता जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. दम वाढणे म्हणजे केवळ हृदय व फुप्फुसे बळकट होणे, अशी जी समजूत होती तिला या प्रयोगाने मोठा धक्का बसला. स्नायूच आतून पालटतो, असे सिद्ध झाले. पुढील संशोधनात या कणिकांतील एका महत्त्वाच्या प्रथिनाचे अर्धायुष्य सुमारे आठवड्याचे असल्याचे दिसून आले. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, सरावाची मात्रा वाढविली की स्नायूचा हा भाग चार-पाच आठवड्यांत नव्या पातळीला येऊन ठेपतो. दुसरा, सराव सोडला की तितक्याच त्वरेने तो खाली येऊ लागतो.

परंतु शरीरातील सर्व घटक इतके चपळ नसतात, आणि येथेच या विषयाचा खरा गाभा आहे. रक्तातील द्रवाचे प्रमाण सराव सुरू झाल्यावर काही दिवसांतच वाढते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच नवख्याला हुरूप येतो. मायटोकाँड्रिया काही आठवडे घेतात. कंडरा आणि अस्थिबंध यांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. अस्थींचा क्रम तर विलक्षण आहे. भार वाढला असता हाड प्रथम झिजविले जाते आणि मग पुन्हा भरले जाते. झिजविण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत उरकते. भरण्यास तीन महिने लागतात. मधल्या काळात हाडाचा तो भाग पूर्वीपेक्षा दुबळा असतो. म्हणजे सराव सुरू करून दीड-दोन महिने झाले असता मनुष्याची स्थिती अशी असते, की त्याचा दम दूरवर धावण्याइतका तयार झालेला असतो आणि त्याची नडगी मात्र त्या धावण्याला सर्वांत कमी लायक असते. दमावर विश्वास टाकून तो अंतर वाढवितो. नडगीच्या वा पावलाच्या हाडाला जाणारे सूक्ष्म तडे पुष्कळदा याच सुमारास जातात, यात नवल नाही. मराठीत 'झेपणे' असे एक नेमके क्रियापद आहे. पण आज काय झेपले एवढेच ते सांगते. महिन्यानंतर त्याचे काय परिणाम दिसतील, हे त्या दिवशीच्या जाणिवेवरून कळत नाही. तासांची भाषा अपुरी पडते ती यामुळे. आठवड्याचे दहा तास चार महिने करणे आणि वीस तास दोन महिने करणे यांची बेरीज एकच येते. हाडाच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

आता 'कोणाला' ही दुसरी आकांक्षा. क्लोद बूशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या अभ्यासात ९८ कुटुंबांतील ४८१ व्यक्तींकडून वीस आठवडे एकाच पद्धतीने स्थिर सायकलवर सराव करून घेण्यात आला. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे आधी व नंतर मोजले गेले. सरासरी वाढ मिनिटाला ०.४ लिटर आली. परंतु ही सरासरी फसवी होती : काहींची वाढ जवळजवळ शून्य, तर काहींची एका लिटरहून अधिक. एका कुटुंबातील माणसांचे आकडे परस्परांच्या जवळ होते, आणि या फरकाचा अर्ध्याच्या आसपास भाग कौटुंबिक वारशाशी निगडित असल्याचे अनुमान काढण्यात आले. एकाच शाळेत, एकाच गुरूपाशी शिकलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल भिन्न येतात, तसाच हा प्रकार. यावरून काहींनी असा अर्थ काढला, की काही माणसांना सरावाचा उपयोगच होत नाही. तो अर्थ टिकला नाही. मॉंतेरो आणि लुंडबी यांनी २०१७ साली ७८ निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की आठवड्याला साठ मिनिटे सराव करणाऱ्यांत ज्यांच्या कार्यक्षमतेत फरक पडला नाही, त्यांनी आणखी सहा आठवडे, दर आठवड्यास दोन तास अधिक असा सराव केला, तेव्हा त्यांच्यातही सुधारणा झाली. म्हणून शेजाऱ्याला आठ तास पुरले, एवढ्यावरून आपल्याला ते पुरतील असे मानणे हे तर्कदृष्ट्या सदोष आहे; आणि आपल्याला ते पुरत नाहीत म्हणून आपण या कामाचे नव्हे, असे मानणे हेही तितकेच सदोष आहे.

शारीरिक वारशाइतकेच महत्त्व पूर्वायुष्याला आहे. क्नेख्टले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी पुरुष स्पर्धकांचा अभ्यास करून २०११ साली दाखविले, की पूर्ण पल्ल्यास किती वेळ लागेल याचा अंदाज त्या स्पर्धकाच्या मॅरेथॉनच्या आणि कमी पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या सर्वोत्तम वेळेवरून चांगला बांधता येतो. ही वेळ एका हंगामात मिळविलेली नसते. तीत अनेक वर्षांचे संचित असते. तेव्हा 'सहा महिन्यांत पूर्ण पल्ला' असे सांगणाऱ्याच्या मागे दहा वर्षांचे पोहणे किंवा धावणे उभे आहे काय, हे विचारल्यावाचून त्याच्या अनुभवाचे मोल ठरविता येत नाही.

तीन प्रकारांत वेळ कसा वाटावा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो आणि तसा तो नाही. एका प्रकारात कमावलेला दम दुसऱ्या प्रकारात आपोआप उतरत नाही. १९७५ साली मॅगेल व इतरांनी पंधरा जणांकडून दहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पोहण्याचा सराव करून घेतला. पोहताना मोजलेले कमाल प्राणवायुग्रहण सुमारे ११ टक्क्यांनी वाढले. त्याच माणसांना धावावयास लावून मोजले, तेव्हा लक्षात घेण्याजोगी वाढ आढळली नाही. सायकलीचा उपयोग धावण्याला काही अंशी होतो. पण धावण्यातील आपटणे पाय सायकलवर शिकत नाहीत. उलट सायकलीवरून उतरून लगेच धावणे हा एक चौथाच प्रकार मानावा, इतका तो अनुभव निराळा असतो. पहिल्या किलोमीटरला पाय आपले वाटत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सायकलनंतर वीस-पंचवीस मिनिटे धावण्याची शिस्त प्रशिक्षक लावतात, आणि ती योग्य आहे.

पोहण्याची गोष्ट मात्र मुळातच वेगळी. तूसाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली निष्णात पोहणारे आणि ट्रायथलॉनचे स्पर्धक यांची तुलना केली. पाणी रेटण्यात खर्चलेल्या शक्तीपैकी पुढे सरकण्यास उपयोगी पडणारा भाग निष्णातांत ६१ टक्के, तर ट्रायथलॉनवाल्यांत ४४ टक्के भरला. दुसऱ्या गटाजवळ दम कमी नव्हता. त्यांची शक्ती पाणी मागे ढकलण्यात वाया जात होती. तालमीतील भाषेत जिला मेहनत म्हणतात, ती जोर-बैठकांसारखी शरीर कमावण्याची क्रिया. हात बसणे ही दुसरी गोष्ट. सायकल व धावणे यांत मेहनतीचा भाग मोठा असतो. पोहण्यात हात बसावा लागतो, आणि तोही शब्दशः. ज्या कामात हात बसवावयाचा असतो, त्याचा हिशेब तासांनी करण्यापेक्षा दिवसांनी करावा. रविवारी एकदम दोन तास पोहण्यापेक्षा चार दिवस अर्धा-अर्धा तास पोहणे अधिक फलदायी ठरते. प्रौढपणी पोहावयास शिकणाऱ्याने पूर्ण पल्ल्याची तारीख ठरविण्यापूर्वी एक वर्ष केवळ या एका कामासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

याच ठिकाणी जिवाचाही प्रश्न येतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या ट्रायथलॉन स्पर्धांतील मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. प्रमाण लाखामागे दोनांहून कमी होते, हे खरे. परंतु बळी पडलेल्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते, आणि ज्या ६१ जणांची शवचिकित्सा झाली होती, त्यांपैकी २७ जणांच्या हृदयात वा रक्तवाहिन्यांत आधीपासून दोष आढळला. तलावाला कठडा असतो, तळाशी रेघ असते आणि थांबावयाचे म्हटले तर उभे राहता येते. समुद्रात यांपैकी काहीच नसते. शिवाय शेकडो माणसे हातपाय मारीत भोवती असतात. तेथे श्वास कोंडला, तर दमाचा साठा कामी येत नाही. म्हणून उघड्या पाण्यातील सराव आणि चाळिशीनंतर हृदयाची वैद्यकीय तपासणी या दोन गोष्टी आठवड्याच्या तासांत मोजल्या जात नसल्या, तरी 'किती लागतो' याच्या उत्तरात त्यांना पहिले स्थान दिले पाहिजे. बाकी सर्व त्यानंतर.

आता आकड्यांकडे वळता येते. ज्याला बरे पोहता येते आणि जो दहा किलोमीटर न थांबता धावतो, अशा नोकरदार माणसाला अर्ध्या पल्ल्यासाठी पाच-सहा महिने आणि पूर्ण पल्ल्यासाठी नऊ महिने ते एक वर्ष धरणे सुरक्षित ठरेल. पाटी कोरी असणाऱ्याने पूर्ण पल्ल्यास दोन वर्षे द्यावीत आणि मध्ये अर्धा पल्ला करून पाहावा. पूर्ण पल्ल्याच्या प्रचलित योजनांतून आठवड्याला आठ तासांपासून पंधरा तासांपर्यंतचा सराव सांगितलेला असतो. त्यातही ऐन भराचे आठवडे थोडेच असतात. दहा तासांचा एक आठवडा मांडून पाहिल्यास तो साधारणतः असा दिसतो : पोहणे दोन तास, दोन-तीन दिवसांत विभागलेले; सायकल पाच तास, त्यांतील चार एकाच दिवशी सलग; धावणे तीन तास, पैकी दीड तास सलग आणि बाकीचे दोन वेळा पाऊण तास. एकूण वेळेचा अर्ध्याहून अधिक भाग दोन दीर्घ सत्रांत गेलेला दिसेल, आणि दहा तासांचे खरे मर्म तेथे आहे. सायकलचे दीर्घ सत्र हळूहळू पाच-सहा तासांपर्यंत न्यावे लागते. धावण्याचे मात्र अडीच-तीन तासांपलीकडे नेत नाहीत. सरावात पूर्ण मॅरेथॉन धावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु तीन तासांनंतर स्नायूंची जी मोडतोड होते, ती भरून येण्यास एक-दोन आठवडे जातात, आणि त्या काळात बुडालेला सराव मिळालेल्या लाभाहून मोठा असतो.

दीर्घ सत्रे टाळून छोट्या जोरकस सत्रांवर भागवावे काय, या शंकेला हिक्सन यांच्या प्रयोगांनी चांगले उत्तर दिले आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा आठवडे रोज चाळीस मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस सराव केलेल्यांचा वेळ पुढे पंधरा आठवडे कमी करण्यात आला : एका गटाचा २६ मिनिटांवर, दुसऱ्याचा १३ मिनिटांवर. जोर तोच ठेवला. कमाल प्राणवायुग्रहण दोन्ही गटांत टिकून राहिले. परंतु दीर्घ काळ श्रम करण्याची ताकद १३ मिनिटांच्या गटात सुमारे दहा टक्क्यांनी घटली. दम राहतो, तग जातो, असे याचे मराठी करता येईल. ट्रायथलॉन तगाची परीक्षा घेते. याच प्रयोगांतून एक दिलासाही मिळतो. कामाच्या रेट्यात काही आठवडे वेळ आखडावा लागला, तरी जोर कायम ठेवल्यास कमावलेले बरेचसे हाती राहते. सराव साफ थांबविला, तर मात्र कॉइल यांच्या १९८४ सालच्या अभ्यासानुसार तीन आठवड्यांत कमाल प्राणवायुग्रहण सात टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सोळा टक्क्यांनी उतरते. तापाने गेलेला एक आठवडा म्हणजे आपत्ती नव्हे. तो दुप्पट सराव करून भरून काढण्याचा प्रयत्न ही आपत्ती होऊ शकते.

जोर किती लावावा, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. सहनशक्तीच्या खेळांतील कसलेले खेळाडू आपल्या सत्रांपैकी तीनचतुर्थांश ते चारपंचमांश इतकी सत्रे बोलता येईल अशा सावकाश गतीने पार पाडतात, हे सायलर यांच्या निरीक्षणांनी पुढे आले आहे. हौशी मनुष्य नेमका याच्या उलट वागतो. वेळ थोडा म्हणून प्रत्येक सत्र तो मध्यम जोराने करतो. त्यामुळे सावकाश सत्राचा लाभ मिळत नाही आणि जोराच्या सत्रासाठी पाय ताजे राहत नाहीत.

महाराष्ट्रातील स्पर्धकाच्या वाट्याला ऋतुमानाचा एक विशेष प्रश्न येतो. हवाईतील स्पर्धा १९८२ साली फेब्रुवारीतून ऑक्टोबरात नेण्यात आली, ती थंड प्रदेशांतील स्पर्धकांना उन्हाळ्यात सराव करता यावा म्हणून. गोव्यातील स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. म्हणजे तिच्या तयारीचे सर्वांत भराचे महिने नेमके पावसाळ्यात पडतात. समुद्र खवळलेला, घाटाचे रस्ते निसरडे. मग सायकल घरात यंत्रावर चढते आणि पोहणे तलावापुरते उरते. शिवाय पुण्याच्या पहाटे कमावलेले शरीर गोव्याच्या भर दुपारी, दमट हवेत धावावयाचे असते. उष्ण्याची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेव्हा शेवटच्या महिन्यात काही सत्रे मुद्दाम दुपारी ठेवणे अगत्याचे. खाण्याचाही सराव असतो. तासाला साठ ग्रॅमपर्यंत साखर बहुतेकांच्या आतड्यांतून शोषली जाते, त्याहून अधिकासाठी ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज लागते. आणि आतड्यांना या कामाची सवय दीर्घ सायकल सत्रांतच लावावी लागते. १९७८ सालच्या त्या पहिल्या स्पर्धेत दुसरा आलेल्या जॉन डनबार याच्या साहाय्यकांजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बियर पाजली होती, हे प्रसिद्ध आहे.

दहा तासांच्या सरावासाठी प्रत्यक्षात चौदा-पंधरा तास खर्ची पडतात. तलावापर्यंतचे जाणे-येणे, सायकलची देखभाल, कपडे, खाणे यांचा हिशेब योजनांत नसतो. तो वेळ कोठून तरी यावा लागतो, आणि पुष्कळ घरांत तो पत्नीच्या किंवा पतीच्या वाट्याच्या कामातून व स्वतःच्या झोपेतून येतो. पहाटे चारला उठणारा मनुष्य रात्री नऊला झोपत नसेल, तर त्याने सरावाचा तास मिळविला आणि तो सराव अंगी लागण्याचा तास गमावला, असे म्हणावे लागते. स्नायूची आणि हाडाची सारी डागडुजी विश्रांतीत होते. तासांची नोंद ठेवणाऱ्या वह्यांत झोपेचा रकाना सहसा आढळत नाही.

शेवटचा टप्पा सराव कमी करण्याचा. कॅनडातील बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात एक गणिती प्रतिमान मांडले. त्यानुसार प्रत्येक सत्र दोन ठसे मागे ठेवते, एक क्षमतेचा व एक थकव्याचा. थकव्याचा ठसा लवकर पुसतो, क्षमतेचा सावकाश. सराव घटविला असता काही दिवस असे येतात, की थकवा गेलेला असतो आणि क्षमता उरलेली असते. स्पर्धा त्या दिवसांत यावी, अशी योजना असते. बोस्के व इतरांनी २००७ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून ठरविले, की सुमारे दोन आठवडे सरावाचा वेळ ४१ ते ६० टक्क्यांनी घटविणे आणि जोर मात्र न घटविणे सर्वांत हितकर ठरते. दहा तासांचा आठवडा असणाऱ्याने शेवटच्या पंधरवड्यात चार ते सहा तासांवर यावे, असा त्याचा अर्थ. सत्रांची संख्या फारशी कमी करू नये. प्रत्येकाची लांबी कमी करावी आणि मधूनमधून स्पर्धेच्या वेगाने काही मिनिटे जावे. या पंधरवड्यात हाडे अधिक बळकट होत नाहीत आणि नव्याने केलेल्या मेहनतीचे फळ स्नायूत उतरण्यासही अवधी उरलेला नसतो. तरीही राहून गेलेली पाच तासांची सायकल याच दिवसांत उरकून टाकावी, अशी ओढ बहुतेकांना लागते. तिला वरील आकड्यांत कोठेही आधार सापडत नाही.